तळ्याकाठी स्वतः रांधून राहायचं, तर आधी स्वयंपाकघर ठरवा

सांगलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सातजण कोयनेच्या पाण्याकाठी चार दिवस राहायचं म्हणतोय. आम्ही दोघं, सासू-सासरे, नणंद आणि पाच व अकरा वर्षांची दोन मुलं. हॉटेल नको आहे. गावात एखादं घर घेऊन स्वतः करून खायचं. सासऱ्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना बाहेरचं तेलकट चालत नाही. नणंदेला ताजे मासे हवेत. तापोळा घ्यावं की बामणोली? सोबत काय काय न्यावं? मुलांना पाण्यात खेळता येईल का?"

ताई, आधी थेट उत्तरं देते. बामणोलीच्या बाजूला घर बघा. भाऊबीज उरकल्याशिवाय निघू नका. दिवसातलं एकच जेवण तुम्ही करा, दुसरं घरमालकिणीला सांगा. मुलांना लाँचमधून हवं तितकं फिरवा, पण पाण्यात उतरवू नका.

आता कारणं. जावळीत घरगुती मुक्कामाची सोय लावून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते. पाहुण्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खिडकीतून पाणी दिसतं का? दिसतं हो, इथे बहुतेक घरांतून दिसतं. शेगडीला बर्नर किती, हे मात्र कुणी विचारत नाही. मग सातव्या माणसाची चपाती तव्यावर असते तेव्हा पहिल्याचं जेवण होऊन तो अंगणात शतपावली घालत असतो. स्वतः रांधून राहायची सुट्टी फसते ती नेहमी स्वयंपाकघरात. म्हणून खोली कशी आहे ते नंतर विचारा, आधी ओटा कसा आहे ते विचारा.

पण त्याही आधी पाण्याचं बोलू, कारण गाव आणि महिना त्यावरच ठरतात.

तुम्ही ज्याला तळं म्हणता तो शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. भिंत खाली पाटण तालुक्यात हेळवाकजवळ, आणि पाणी मागे थेट महाबळेश्वर तालुक्यात तापोळ्यापर्यंत पसरलेलं. साठवण सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे वीज करायला जातं. पूर्वेला सोडलेलं पाणी कोयनेतून कऱ्हाडला कृष्णेत मिळतं आणि पुढे तुमच्याच सांगलीच्या ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांना लागतं. तुमच्या शेतात पाणी पोचतं तेव्हा आमच्या अंगणापुढचं खाली गेलेलं असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात काठोकाठ भरलेला जलाशय मेपर्यंत चांगलाच उतरतो, आणि उतरताना तो आधी शेपटाकडून उतरतो. तापोळा त्या शेपटाला आहे. सोळशी आणि कांदाटी या नद्या कोयनेला त्याच भागात येऊन मिळतात, म्हणून भरलेल्या दिवसांत तिथला पसारा देखणा दिसतो. उन्हाळ्यात मात्र तिथेच आधी गाळ उघडा पडतो, तडे गेलेली जमीन दिसते आणि लाँच लागायची जागा रोज खाली सरकत जाते. पाहुण्यांना पाठवलेल्या फोटोतलं घर मे महिन्यातही तेच असतं, पण पाण्यापर्यंत जायला डोंगर उतरावा आणि परत चढावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमणार नाही.

दिवाळीनंतर ही अडचण नसते. पाणी बऱ्यापैकी वर असतं, पाऊस संपलेला असतो, जळवा गेलेल्या असतात. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि रात्री चांगलीच थंडी पडते. सातजणांची पांघरुणं घरमालकाकडे पुरतील असं गृहीत धरू नका. दोन जाड चादरी आणि सासू-सासऱ्यांच्या शाली, कानटोप्या गाडीत टाकाच.

भाऊबीजेनंतरच या, असं का म्हणते तेही सांगते. जावळी-महाबळेश्वरच्या या पट्ट्यातली कितीतरी माणसं मुंबई, नवी मुंबईला कामाला असतात. धरणात जमिनी गेल्या, मागे राहिली ती डोंगरउताराची खाचरं. त्यावर घर चालत नाही. दिवाळीला ही सगळी मंडळी गावी येतात आणि पाहुण्यांना द्यायच्या खोल्यांत घरचीच माणसं झोपतात. त्या दिवसांत कुणी खोली दिली तरी स्वयंपाकघर सुटं मिळणार नाही. भाऊबीजेनंतर तीन-चार दिवसांनी गाव पुन्हा रिकामं होतं. मात्र त्याच सुमारास भातकापणी आणि झोडणी चालू असते. घरची बाई पहाटे भाकऱ्या थापून खाचरात गेली की दुपारपर्यंत परतत नाही. म्हणजे तिच्याकडून घ्यायचं जेवण रात्रीचं ठेवा, दुपारचं तुम्ही करा. हॉटेलसारखी "जरा दोन कप चहा पाठवा" अशी हाक मारायला तिथे कुणी नसतं, हे मुलांनाही आधी सांगून ठेवा.

आता गाव. सांगलीहून सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून, कास पठारावरून पलीकडे उतरलं की बामणोली. साताऱ्यापासून साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर. सातारा सोडल्यावर एकच घाटरस्ता. तापोळ्याला गाडीनं जायचं तर नेहमीचा मार्ग पाचगणी-महाबळेश्वरवरून, आणि महाबळेश्वरनंतर पुढे पंचवीसेक किलोमीटर वळणांचा उतार. दिवाळीच्या सुट्टीत पाचगणीच्या गर्दीत दोन तास गाडीत बसलेली पाच वर्षांची पोर पुढच्या वळणांवर काय करते ते तुम्हाला सांगायला नको. तापोळ्याला "मिनी काश्मीर" म्हणतात. काश्मीर पाहिलेल्या माणसानं हे नाव ठेवलं असेल असं मला वाटत नाही, पण जागा सुंदर आहे यात शंका नाही, आणि राहायच्या सोयीही तिथे जास्त आहेत. तुम्ही जेवणासकट राहणार असतात तर तापोळा सुचवलं असतं. स्वतः रांधायचं आणि सामान साताऱ्याच्या मंडईतून भरायचं, म्हणून बामणोली. तापोळा बघायचाच असेल तर एका सकाळी लाँचनं जाऊन या.

पलीकडच्या काठावरच्या, कांदाटी खोऱ्यातल्या घरांचे फोटो फार मोहात पाडतात. इन्सुलिन घेणारा माणूस सोबत असताना मधे पाणी असलेल्या गावात मुक्काम करू नका. आणि घाटच नको असेल, सासूबाईंना गाडी लागत असेल, तर वाईजवळचं धोम बघा. कृष्णेवरचंच धरण, वाईची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, वाटेत मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. कोयनेचं रान तिथे नाही, पण म्हाताऱ्या माणसांना सोयीचं आहे.

आता स्वयंपाकघर. इथे जरा सविस्तर बोलते.

"किचन आहे" असं फोनवर सगळेच सांगतात. त्याचा अर्थ प्रत्येक घरी निराळा. कुठे मालकाच्याच ओट्यावर तुम्हाला जागा मिळते. कुठे पडवीत एक शेगडी मांडून दिलेली असते. कुठे फक्त परसातली चूल असते, आणि पाहुण्यांना चुलीवरचं आवडतं अशी मालकाची प्रामाणिक समजूत असते. आवडतं ते खायला. रोज चूल फुंकायची सवय नसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून दुसऱ्या दिवशी पाणी वाहतं. तुम्हाला सुटी खोली किंवा पडवी, दोन बर्नरची शेगडी आणि जवळ मोरी एवढं लागेल. चूल हवीच, पण जोडीला, मासे आणि अंघोळीच्या पाण्यासाठी.

सिलेंडर भरलेला आहे का, हे विचारायला लाजू नका. या गावांत सिलेंडर संपला की दुसरा लगेच येत नाही. मालकाकडे जास्तीचा असेल तर तो कुणाच्या हिशेबात, हेही बोलून घ्या. घरचा मोठा सिलेंडर गाडीत घालून आणायचा विचार कुणी केला तर तिथेच थांबवा. बंद गाडी, घाटाची वळणं आणि मागे बसलेली मुलं, हे धोक्याचं आहे.

भांडी असतात, पण ती दोन टोकांची. एक तर पन्नास माणसांच्या लग्नातली पातेली, नाहीतर दोघांचा चहा होईल एवढं भांडं. सातजणांच्या बेताचं मधलं काही नसतं. म्हणून पाच लिटरचा कुकर आपला आणा, आणि त्याची रबरी रिंग निघायच्या आधी घरी एकदा तपासा. दुसऱ्याच्या कुकरची शिट्टी आपल्याला कळत नाही, आणि डाळ कच्ची राहिली तर गॅस दुप्पट जातो. तवा, लाटणं, एक धारदार सुरी आणि चहाची गाळणी आपली. पोळपाट तिथे मिळतो. विळीही मिळते, पण पाच वर्षांच्या मुलीच्या घरात ती उघडी ठेवू नका. मालकांना सवयीनं भान राहत नाही.

मिक्सरवर भरवसा ठेवू नका. वीज जाते तेव्हा कधी येईल ते सांगता येत नाही. सुकं खोबरं, तीळ, कांदा भाजून केलेलं कोरडं वाटण घरून आणा. फ्रिजशिवाय तीन दिवस टिकायला ते नीट परतलेलं आणि पाण्याचा थेंब न लागलेलं हवं. कांदा-लसूण मसाला तर तुम्ही सांगलीकर विसरणार नाही. शेंगदाण्याचं कूट, लसणीची चटणी, थालीपिठाची भाजणी, भाजलेला रवा, गूळ आणि घरच्या तेलाची बाटली एवढं झालं की कोरड्या सामानाची यादी जवळपास संपली. सासूबाईंना बाहेरचं तेल बाधतं, तेव्हा तेल मोजून आपलंच आणा आणि मालकिणीला रात्रीच्या जेवणासाठी त्यातलंच काढून द्या. ती रागावणार नाही. मधुमेह, पथ्यपाणी आता गावातही घरोघरी आहे.

भाजी सांगलीहून आणू नका. साताऱ्याच्या मंडईत घ्या. पालेभाजी पहिल्या दिवसापुरती. पुढच्या दिवसांना दुधी, घेवडा, वांगी, बटाटे. तिथेच कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तर अर्धा किलो घ्या. अंगावर लालसर पट्टे असलेलं हे कडधान्य कोरेगाव तालुक्याचं, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. रात्री भिजत घातला की सकाळी कुकरला लवकर शिजतो. राजम्यासारखा वेळ घेत नाही. आमटीला वेगळं वाटणही लागत नाही, चार दाणे डावेनं चेचले की आमटी आपसूक दाट होते. पेट्रोल, रोख रक्कम आणि औषधं साताऱ्यातच घ्या. पुढे रेंज येत-जात असते आणि मोबाइलवरून पैसे पाठवताना चक्र फिरत राहतं. कंदी पेढेही घ्या, फक्त सासऱ्यांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

तांदूळ मात्र अजिबात आणू नका. झोडणीच्या दिवसांत आलात तर कुणाकडे तरी नुकताच भरडून आणलेला नवा तांदूळ मिळेलच, तो मालकिणीकडून विकत घ्या. हा तांदूळ शिजवायची रीत वेगळी आहे, आणि शहरातून आलेल्या बहुतेकांचा पहिला भात इथे गचका होतो. नव्या तांदळात ओल असते. जुन्या इंद्रायणीला तुम्ही दुप्पट पाणी घालत असाल तर नव्याला दीडपटीच्या जरासं वर पुरतं. धुताना चोळू नका, दोनदा पाणी बदललं की बास. कुकरऐवजी जाड बुडाच्या पातेल्यात करा, पाणी उकळल्यावर तांदूळ वैरा, पाणी आटत आलं की आच अगदी बारीक करून झाकण ठेवा. दहा मिनिटांनी झाकण काढाल तेव्हा जो वास येईल, त्यासाठी मुंबईची माणसं सुट्टी टाकून गावी येतात. भात मऊच होणार, एकमेकांना धरून राहणार. तो तसाच खायचा, वर तूप आणि मेतकूट. सासऱ्यांना मात्र डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढाच मोजून वाढा. "नवा आहे, गोड लागतोय" म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतील, लक्ष ठेवा. त्यांच्यासाठी रात्री नाचणीची भाकरी सांगा. ती तुम्ही थापायला जाऊ नका. सवय नसेल तर तव्यावर टाकेपर्यंत तिचे चार तुकडे होतात.

नणंदेच्या माशांचं. इथे जाळ्यात चिलापी, कटला, रोहू मिळतात, नशीब असेल तर वाम. मच्छीमार पहाटे जाळी ओढतात आणि माल लगेच पुढे जातो, म्हणून आदल्या संध्याकाळी मालकाकडून सांगून ठेवायचं. सकाळी नऊला उठून मासे शोधलेत तर डाळभातच आहे. मुलांसाठी चिलापी घ्या. कटला-रोहूच्या मांसात दोन फाट्यांचे बारीक काटे असतात, मोठ्या माणसालाही जपून खावं लागतं. चिलापीत ते नसतात, मधला काटा काढला की मुलाच्या ताटात वाढता येते. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलट वास असतो. तुकड्यांना मीठ आणि हळद चोळून पंधरा मिनिटं ठेवायचं, धुवायचं, मग चिंचेचा कोळ लावून पुन्हा धुवायचं. लिंबापेक्षा चिंच चांगलं काम करते. चुलीवर, तव्यात कमी तेल, वर नुसती चटणी-मीठ-हळद आणि तांदळाचं पीठ. याला आलं-लसूण-कोथिंबिरीचा लेप लावून माशाची चव घालवू नका, हे माझं वैयक्तिक मत.

पण मासे आणण्याआधी एक गोष्ट विचारायचीच. घर माळकऱ्याचं आहे का? या भागात वारकरी घरं खूप. त्यांच्या स्वयंपाकघरात मासळी चालत नाही, आणि पाहुण्याला नाही म्हणणं जिवावर येतं म्हणून काहीजण गप्प बसतात. अशा घरी राहिलात तर परसातली चूल, वेगळा तवा, वेगळी भांडी, किंवा सरळ शेजारच्या घरी सांगून तिथे जेवायचं. शिवाय दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांतच कार्तिकी एकादशी येते. त्या दिवशी गावात मासळीचं नाव काढू नका. गावातली बरीच मंडळी पंढरपूरला गेलेली असतात, लाँच चालवणारेही कमी असतात. तारखा धरताना कॅलेंडरात ती एकादशी बघून घ्या.

आता जरा स्पष्ट बोलते. सातजणांचं दोन वेळचं जेवण, नाश्ता, चार वेळचा चहा आणि भांडी, हे सगळं तुम्ही आणि सासूबाई करणार असाल तर चार दिवसांत तुम्हाला तळं दिसेल ते फक्त मोरीच्या खिडकीतून. स्वतः करून खाऊ असं ठरवताना घरातले पुरुष उत्साहानं मान हलवतात. त्यांना निघायच्या आधीच काम वाटून द्या, तेही नाव घेऊन. नाश्ता तुमच्या यजमानांकडे. पोहे, उपमा, थालीपीठ यातलं त्यांना जे येतं ते रोज झालं तरी कुणी मरत नाही. अकरा वर्षांच्या मुलाकडे पाणी भरणं आणि पिण्याचं उकळून गार झालेलं पाणी बाटल्यांत भरणं. नळाला झऱ्याचं पाणी असलं तरी मुलांना आणि आजी-आजोबांना उकळूनच द्या. भांड्यांना गावातली एखादी बाई मिळाली तर बघा, पैसे आधी ठरवून. पहिल्या संध्याकाळी काहीही रांधायचं नाही. घरून दशम्या, चटणी, दही-कांदा आणायचं, फार तर पिठलं टाकायचं. साताऱ्याहून दुपारी तीनच्या आत निघा. कासवर संध्याकाळी धुकं उतरतं, रस्त्यात गवे येतात, आणि त्यांच्यापुढे हॉर्न वाजवून उपयोग नसतो.

मुलांना पाण्यात का नको, ते नीट समजून घ्या, म्हणजे त्यांनाही समजावता येईल. हे नैसर्गिक तळं नाही, बुडालेलं खोरं आहे. काठाजवळच्या पाण्याखाली पूर्वीची भातखाचरं आहेत, पायऱ्यापायऱ्यांची. मूल गुडघाभर पाण्यात उभं असतं, तळ सपाट लागतो, भीती वाटत नाही. एक पाऊल पुढे टाकलं की बांध संपतो आणि खालच्या खाचरात पाणी डोक्यावर जातं. त्या खाली गाळ, त्यात पाय रुततो. वरून हे काहीच दिसत नाही. पोहता येणारी माणसंही यात सापडतात. पाय भिजवायचे असतील तर लाँचच्या धक्क्यावर मोठ्या माणसाच्या हातात हात देऊन बसवा. लाँच सकाळची घ्या, दुपारनंतर वारा सुटतो आणि लाटा येतात. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि पाच वर्षांच्या मुलीला तिच्या मापाचं आहे का ते बसायच्या आधी घालून बघा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर निसटतं. मापाचं नसेल तर ती फेरी सोडून द्या.

वासोटा तुम्ही विचारला नाहीत, पण तिथे गेल्यावर यजमान विचारणारच. किल्ला कोयना अभयारण्यात आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वनखात्याची परवानगी, मग बामणोलीहून तासाहून जास्त लाँच, मग रानातली खडी चढण. सासू-सासऱ्यांना आणि धाकटीला नाही जमणार. यजमान, नणंद आणि थोरला जाऊ शकतात, पूर्ण दिवस जातो आणि दुपारचा डबा न्यावा लागतो. प्लास्टिक तिथे मोजून आत सोडतात आणि मोजून बाहेर घेतात, म्हणून डबे-बाटल्या स्टीलच्या असल्या की वेळ वाचतो. राहिलेल्यांनी त्या दिवशी घरीच राहून आराम करावा. कासची फुलं संपलेली असतील, त्याची हळहळ नको. ती ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची गोष्ट, आणि त्या गर्दीत आजी-आजोबांचे हालच झाले असते.

सासऱ्यांच्या इन्सुलिनची काळजी नोव्हेंबरात तशी कमी. चालू असलेली कुपी घरच्या तापमानाला साधारण चार आठवडे राहते, तुमच्या डॉक्टरांकडून आपल्या कुपीबद्दल एकदा खात्री करून घ्या. न उघडलेली जास्तीची कुपी मालकाच्या फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. खरी अडचण वेळेची असते. इंजेक्शन घेऊन बसलेत आणि मालकीण अजून खाचरातून यायची आहे, असं होता कामा नये. ताट समोर आल्यावरच सुई, हा नियम करा आणि खिशात साखर असू द्या. बामणोलीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्यापुढचा इलाज मेढ्याला नाहीतर साताऱ्याला. १०८ क्रमांक लागतो, पण रेंज कुठे मिळते ती जागा पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. सासूबाईंसाठी कमोड आहे का आणि खोलीपासून संडासला किती पायऱ्या, हे विचारा. काही घरांत संडास अंगणाच्या पलीकडे असतो. रात्री तिकडे जाताना बॅटरी हातात आणि चप्पल पायात हवी. साप आहेत, रानडुकरं येतात, आणि या रानात अस्वलही आहे. अंधार पडल्यावर पाण्याकाठी फिरायला जायचं नाही.

ओला कचरा मालकिणीच्या शेणखड्ड्यात, तिला विचारून. माशाची घाण पाण्यात किंवा घराजवळ टाकू नका, रात्री कुत्री आणि डुकरं गोळा होतात. प्लास्टिक पिशवीत बांधून साताऱ्याला परत न्या. वानरं दिवसा खिडकीतून हात घालतात, त्यामुळे फळं, पाव, बिस्किटं झाकणाच्या डब्यात.

पैशांचं आधी लिहून घ्या. भाडं खोलीवर की डोईवर, लहान मुलीचे किती, गॅस आणि सरपण त्यात की वेगळं, रात्रीच्या ताटाचे किती. तोंडी बोलण्यात दोन्ही बाजूंचा गैरसमज होतो आणि शेवटच्या सकाळी गाडीत सामान भरताना त्यावरून तोंडं वाकडी होतात. मी माझ्याकडच्या पाहुण्यांना असा एक निरोप पाठवायला सांगते, तो तुम्हीही जसाच्या तसा वापरा:

"नमस्कार काकू. आम्ही सातजण, त्यात दोन लहान मुलं. तीन रात्री राहू. दुपारचं आम्ही करू, रात्रीचं तुमच्याकडे, तेल आमचं देऊ. दोन बर्नरची शेगडी आणि भरलेला सिलेंडर मिळेल का? गॅसचे पैसे वेगळे का? एक दिवस मासे करायचे आहेत, तुमच्याकडे चालतील का, की चूल बाहेर मांडू? कमोड आहे का आणि खोलीतून किती पायऱ्या? नवा तांदूळ पाच किलो विकत मिळेल का? सगळे मिळून किती होतील ते कळवा, अर्धे आधी पाठवते."

चार नाही, तीन रात्रीच लिहिल्या आहेत. मुद्दाम. मुलांना चौथ्या दिवशी टीव्ही आठवतो आणि भाजी संपलेली असते. निरोपाला दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर घर नाकारलं असं समजू नका. रात्री आठच्या सुमारास फोन करा. त्याआधी काकू खाचरातून येऊन, गुरांचं बघून, चुलीपाशी बसलेल्या असतात आणि फोन आत खुंटीला अडकवलेला असतो.